रंग नको, ठिपके हवेत: दर्शनिका विभागास शिरगावहून खुले पत्र

मा. कार्यकारी संपादक व सचिव,
दर्शनिका विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई यांस



मी शिरगावची. पालघरहून सातपाटीला जाताना किल्ल्याचं आणि सुरूच्या बनाचं जे गाव लागतं, तेच. सारी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर भाच्याच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिकले. ते फुकट मिळतं आणि चिकाटी असेल तर साठीनंतरही येतं. जिल्ह्याची दर्शनिका, म्हणजे गॅझेटिअर, काढणं हे आपल्या विभागाचं काम. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या दर्शनिकेत इथल्या धर्मांचा आणि राजवटींचा इतिहास येणारच. त्या इतिहासाला जोडून सर्वांना पाहता येईल असा डिजिटल नकाशा असावा, आणि तो कसा असावा याबद्दल माझं आग्रहाचं म्हणणं आहे. ते खाजगी अर्जात न लिहिता उघड लिहिते आहे, कारण नकाशा गावांचा होणार आहे आणि गावांनी हे वाचायला हवं.

मागच्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका कार्यक्रमाला गेले होते. वक्त्याने पडद्यावर दोन नकाशे दाखवले. पहिल्यात वसईपासून डहाणूपर्यंतची सगळी किनारपट्टी जांभळी, खाली लिहिलेलं ‘१७३९ पूर्वी’. दुसऱ्यात तीच पट्टी भगवी, खाली ‘१७३९ नंतर’. टाळ्या झाल्या. रात्रीपर्यंत ते दोन फोटो आमच्या आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले आणि त्याखाली जे लिहिलं गेलं ते इथे लिहवत नाही. माझ्याकडे एकाच बाकावर बसून शिकलेले दोघे, एक ख्रिस्ती आणि एक हिंदू, त्या रात्री एकमेकांना नको ते बोलले. दोघांचेही बाप एकाच बोटीवर नाखवा-खलाशी होते. मी त्या नकाशाकडे बघत बराच वेळ बसले. वाईट याचं वाटलं की साल बरोबर होतं, किनाऱ्याची रेषा बरोबर होती, गावांची नावं बरोबर होती. खोटा होता तो फक्त रंग.

तो का खोटा ते सांगते. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं आणि मग दमण ते वसई हा किनारा त्यांचा झाला. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू इथे त्यांची ठाणी होती. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ही ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसईने शरणागती दिली. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. पण ठाणं कुणाचं होतं यावरून गावात कोण कुठल्या देवाला हात जोडत होतं, हे ठरत नाही. पोर्तुगीजांच्या काळातही वैतरणेच्या दक्षिणेला, वसईच्या बाजूला ख्रिस्ती वस्ती दाट होती आणि उत्तरेला आमच्याकडे विरळ. किल्ल्याच्या तटावर पोर्तुगीज निशाण असलं तरी तटाबाहेर मांगेले, भंडारी, वाडवळ होते, आणि मागे डोंगराकडे वारल्यांचे पाडे होते. जांभळ्या रंगाने या सगळ्यांना एका फटक्यात ख्रिस्ती केलं आणि भगव्याने १७३९ च्या एका महिन्यात वसईचे सगळे ख्रिस्ती पुसून टाकले. ते तर आजही तिथेच आहेत. वसईच्या शरणागतीच्या कलमांतच मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू देण्याची बोली होती.

आता जरा नकाशाच्या आतल्या गोष्टीकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. संगणकावरच्या नकाशात तीनच गोष्टी काढता येतात: ठिपका, रेषा आणि बंदिस्त क्षेत्र. ठिपका म्हणजे एक चर्च, एक विहीर, एक वाघोबाचा दगड. रेषा म्हणजे रस्ता, खाडी, पालखीचा मार्ग. क्षेत्र म्हणजे कुंपण घालून आत रंग भरणं. सॉफ्टवेअरला तिन्ही सारखेच सोपे. पण ठिपका म्हणतो की इथे हे होतं. क्षेत्र म्हणतं की इथे हेच होतं आणि दुसरं काही नव्हतं. दुसरं विधान करायला जो पुरावा लागतो तो आपल्या किनाऱ्याबद्दल कुणाकडेही नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही, की दर्शनिकेच्या नकाशात धर्माच्या नावाने एकाही जागी रंग भरू नये. ठिपके द्यावेत, हजार द्यावेत.

क्षेत्र का काढता येत नाही, याचं उत्तम उदाहरण खुद्द ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातच आहे. मुंबई-साष्टी-वसईच्या कॅथलिकांमध्ये दोन अधिकार होते. एक पोर्तुगालच्या राजाच्या हक्काने चालणारा पद्रुआदु, दुसरा थेट रोमच्या हाताखालचा प्रोपागांडा. १७९४ पासून मुंबईत दोन्ही शेजारी शेजारी नांदले, आणि पोर्तुगाल व रोम यांच्यात १९२८ ला करार होईपर्यंत हे चाललं. एकाच गावात दोन चर्च, दोन बिशपांची माणसं. एका घरातला भाऊ एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला, असंही घडे. धर्म एक, जात एक, आळी एक, आणि तरी तंटा इतका की कोर्टकचेऱ्या झाल्या. सांगा, याची हद्द नकाशावर कुठून काढणार? घराच्या ओटीवरून? पारशांचंही तसंच. अठराव्या शतकात पंचांगातल्या एका महिन्याच्या फरकावरून शहेनशाही आणि कदमी असे दोन तट पडले. दोघांचे नवरोज वेगळ्या दिवशी, पण तारापूर-डहाणूच्या रस्त्यांवर शहेनशाही बाजू आणि कदमी बाजू अशी काही दाखवता येणार नाही. उलट वसईकडे सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी हिंदू यांच्यात धर्म वेगळा, पण घरात बोलतात ती कादोडी बोली एक. धर्माचा नकाशा काढला तर ते दोन, भाषेचा काढला तर एकच. दोन्ही थर एकमेकांवर ठेवून बघता येणं, हे डिजिटल नकाशाचं खरं बळ आहे. रंगाच्या पट्ट्यांत ते वाया जातं.

दुसरी विनंती वेळेची. कागदाच्या नकाशावर एकच साल मावतं. संगणकावर प्रत्येक ठिपक्याला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने देता येतात, आणि वाचकाने वरची पट्टी सरकवली की ठिपके पेटतात-विझतात. स्कॉटलंडमध्ये अभ्यासकांनी ‘मॅपिंग द स्कॉटिश रिफॉर्मेशन’ नावाचं काम केलं आहे. १५६० ते १६८९ या काळातला एकेक धर्मोपदेशक कोणत्या साली कोणत्या गावात नेमला गेला, तिथून कुठे गेला, असे त्यांनी माणसांचे प्रवास मांडले. तिथल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट भांडणाचा इतिहास रक्ताळलेला आहे, पण त्यांनी प्रदेश वाटून रंगवले नाहीत, माणसं मोजली. आपल्याकडेही असं करता येईल. वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला आहे, मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यापाशी आहे. प्रत्येक घंटेची वसईपासूनची एक रेषा काढा, शेवटी घंटेवरची अक्षरं वाचता येतील असा फोटो जोडा. त्या रेषांत जय आहे आणि लूट आहे. चर्चमधून निघालेला नाद देवळात घुमतो आहे, हेही आहे. बघणाऱ्याने ठरवावं काय वाटून घ्यायचं.

आणि नकाशाची सुरुवात १५३४ पासून करू नये. तारापूरला लागून चिंचणी आहे. तिथे गेल्या शतकात काही ताम्रपट सापडले, दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा. तेव्हा संजाणच्या मंडलावर, म्हणजे आपल्या याच किनाऱ्यावर, राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी होता एक ताजिक. ताजिक म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं संस्कृत करून दिलं आहे. ते मुहम्मद असावं असं अभ्यासक मानतात. दुसरं नाव सुगतिप. या माणसाने दोन नद्यांवर फुकट होडी सुरू केली आणि एक अन्नछत्र घातलं. अन्नछत्रात काय वाढायचे तेही लिहिलं आहे: साळीचा भात, कालवण आणि तूप. त्याच्याच अमलात एका ब्राह्मणाने देवी भगवतीचा मठ बांधला, आणि त्या मठाच्या खर्चासाठी काणाडुक नावाचं गाव आणि देवीहर गावातली थोडी जमीन दान द्यायला याच अधिकाऱ्याने राजाची संमती घेऊन मान्यता दिली. एक मुसलमान अधिकारी, एक हिंदू राजा, एक देवीचा मठ, आणि तुपासह भात.

मी हे शाळेतल्या मुलांना सांगत असे तेव्हा मुलं एकच विचारायची, “बाई, ते काणाडुक कुठे आहे?” खरा भूगोल तो प्रश्नच. पण ताम्रपटांची ही गोष्ट एवढ्यावर गोड करून सोडणंही बरोबर नाही. पुढच्या एका ताम्रपटात, तिसऱ्या कृष्णाच्या काळात, याच मठाचा आणि भिल्लमालदेवाच्या देवळाचा जमिनीवरून तंटा झालेला दिसतो. दोघेही हिंदूच. मठाने देवळाला दर साल ठराविक रक्कम द्यावी असं ठरून तो मिटला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या धर्मांच्या भांडणांचा माझ्या माहितीतला पहिला लेखी नकाशा दोन देवस्थानांमधल्या हद्दीचा आहे. आजच्या नकाशात हे सगळं एका जागी दाखवायचं तर संजाण गुजरातेत येतं, चिंचणी महाराष्ट्रात. १ मे १९६० ची हद्द हा थर हवा तेव्हा बंद करता आला पाहिजे.

खात्रीचा रकाना ही माझी तिसरी विनंती, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायला दोन्हींतल्या सारख्या जागा शोधून जोडाव्या लागतात. याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. मी शिरगावच्या जुन्या नकाशाचं पत्रक घेऊन बसले. पहिली जागा किल्ल्याचा बुरूज, हे सोपं. दुसरी देवळाचा कळस. तिसरी मी खाडीचं तोंड धरलं आणि सगळं पत्रक तिरकं होऊन सातपाटीचं बंदर समुद्रात गेलं. खाडी हलली होती, नकाशा खोटा नव्हता. समुद्र दर पावसाळ्यात सुरूची झाडं गिळतो, हे आम्ही डोळ्यांनी बघतो, पण संगणकापुढे बसलं की विसरायला होतं. मग मी विहीर धरली. विहीर हलत नाही. सॉफ्टवेअरने सांगितलं की आता सरासरी चूक अमुक मीटर. ती चूक लपवायची नसते, ती लिहायची असते. तसंच माणसांच्या पुराव्याचं. वि. का. राजवाड्यांनी १९२४ ला छापलेल्या महिकावतीच्या बखरीत गावांची आणि घराण्यांची किती नावं आहेत! पण बखरीतलं माहीम म्हणजे केळव्याजवळचं की मुंबईचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नकाशा करणाऱ्याने यातलं एक निवडून दुसरं गिळून टाकलं तर उद्या कुणीतरी त्या ठिपक्यावर उभं राहून हक्क सांगेल. म्हणून प्रत्येक ठिपक्याशी पुरावा कुठला, आणि त्यावर भरवसा किती, हे लिहिलेलं असावं. ‘पक्कं’, ‘बहुतेक’, ‘गावात सांगतात’ अशा तीन पायऱ्या पुरतात. गावात सांगतात ही पायरी खालची समजू नये. वारल्यांच्या वाघोबाचा कोरीव दगड किंवा लाकडी फळी, वर सूर्य-चंद्र, अंगावर शेंदूर, कुठल्या दफ्तरात नोंदलेली असणार? जनगणनेने तर या लोकांना कधी एका रकान्यात टाकलं, कधी दुसऱ्या. ते स्वतःच्या देवांना काय म्हणतात ते त्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावं लागेल.

पुरावा कुठून आणायचा हे आपण माझ्याहून चांगलं जाणता. गो. स. सरदेसाईंनी १९३० पासून पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. पण न छापलेला मोडीचा ढीग अजून पुण्यात पुराभिलेखागारात आहे. त्यात प्रांत वसईच्या कमाविसदारांचे हिशेब असतील: कुठल्या देवळाला किती तेल, कुठल्या दर्ग्याला किती धान्य, कुठल्या पाद्र्याला किती. पोर्तुगीज बाजूचे कागद पणजीला आहेत. पां. स. पिसुर्लेकरांनी तेच कागद चाळून पोर्तुगीज-मराठे संबंधांवर काम केलं. १५५४ मध्ये सिमाँव बोतेल्यूने केलेल्या नोंदवहीत वसई मुलखातल्या गावांचा सारा आहे. या तिन्ही ढिगांतली गावांची नावं एकमेकांशी जुळवली तरी अर्धं काम झालं. त्यासाठी मोडी वाचणारी आणि जुनी पोर्तुगीज वाचणारी माणसं एका टेबलावर बसवावी लागतील. सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही, या माणसांना लागेल. तो द्यावा. नकाशाचा खर्च म्हणून संगणकच विकत घेतले गेले तर मग काही हाती लागणार नाही.

एक भीती मात्र मला खरंच वाटते आणि ती मी दडवणार नाही. असा नकाशा वाईट हाती पडला तर? १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी रॅडक्लिफ आयोगापुढे जनगणनेचे धर्मनिहाय आकडे होते, आणि १७ ऑगस्टला त्यातून निघालेली रेषा लाखो माणसांच्या अंगणातून गेली. आकडे गोळा करणाऱ्यांनी तसं काही मनात आणलं नव्हतं. म्हणून आजच्या जिवंत माणसांचा धर्म या नकाशात घराघरानुसार कधीही येऊ नये. जनगणनेनेही धर्माचे आकडे तालुका आणि शहराच्या खाली गावागावाचे प्रसिद्ध केलेले नाहीत. ती मर्यादा शहाणपणाची आहे, ती नकाशानेही पाळावी. वापरातली प्रार्थनास्थळं त्या त्या समाजाच्या संमतीनेच टाकावीत. आणि ठिपका पडला म्हणजे जमिनीवरचा हक्क सिद्ध झाला असं नाही, सातबाऱ्यावरचा फेरफार वेगळा, हे नकाशाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत असावं. नकाशा लपवून ठेवणं हा उपाय मात्र मला पटत नाही. नकाशा नसला तर जांभळे-भगवे फोटो तर फिरतातच.

घाईचं कारणही आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. माणसं दुसरीकडे वसली, देव उचलून नेले, पण देवाची जागा उचलता येत नाही. पोफरणच्या जुन्या वेशीवर कुठे काय होतं ते आता फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर चांगलं की वाईट, हा वाद मी या पत्रात आणत नाही. पण किनारा बदलणार हे नक्की, आणि बदलण्याआधी किनाऱ्यावरचा प्रत्येक देव, पीर, क्रूस आणि अग्यारी नकाशावर आली पाहिजे. हे काम दोन-तीन वर्षांत व्हायचं आहे.

माझ्याकडून जे होईल ते मी करते आहे. शिरगावच्या मुलांना घेऊन गेल्या सहा महिन्यांत गावातल्या चौतीस जागांवर उभं राहून मोबाइलने अक्षांश-रेखांश घेतले. किल्ल्यातल्या फांद्या फुटलेल्या ताडाखाली बसून त्यांची यादी केली. प्रत्येकीपुढे तो खात्रीचा रकाना आहे. ज्या दोघांचं व्हॉट्सॲपवर वाजलं होतं त्यांतला एक सोमवारी टेप घेऊन माझ्याबरोबर आला आणि म्हणाला, “बाई, जुन्या क्रूसाची जागा आमच्या आजोबांना माहीत होती, आमच्या वाडीतच आहे.” हा हिंदू मुलगा. आम्ही गेलो, जागा मिळाली, यादीत ‘गावात सांगतात’ असं लिहिलं. दुसऱ्याला अजून बोलावलेलं नाही, पण बोलावणार आहे.

ही यादी मी आपल्या कार्यालयात पोचती करीन. आपली माणसं पाहणीला येणार असतील तर केळव्यालाही जावं, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून यावं. तिथला पाणकोट पायी गाठायला पुरी ओहोटी लागते.

आपली,
शिरगावची एक निवृत्त भूगोल शिक्षिका